खेळाचं पारडं, गोष्टीचं पारडं

दरबारात खटला उभा आहे. आरोप राजकन्येच्या अपहरणाचा, आरोपी क्रोनो नावाचा लाल केसांचा पोरगा. फिर्यादीच्या बाजूने खुद्द राज्याचा प्रधान बोलतोय आणि त्याचे प्रश्न भलतेच बारीक आहेत. जत्रेत राजकन्येशी तुझी टक्कर झाली, तेव्हा तू आधी तिची विचारपूस केलीस की तिचं पडलेलं लॉकेट उचललंस? ते लॉकेट विकायला काढलंस का? एका म्हाताऱ्याचं जेवण टेबलावर ठेवलेलं होतं, ते कुणी फस्त केलं? मग साक्षीदार येतात. जिचं हरवलेलं मांजर तुम्ही शोधून दिलंत किंवा दिलं नाहीत, ती चिमुरडीही त्यांत असते.

खेळणाऱ्याचे कान इथे गरम होतात. ते जेवण त्यानेच खाल्लेलं असतं. थोड्या वेळापूर्वी, जत्रेत भटकताना, सहज एक बटण दाबून. या जातीच्या गेममध्ये दिसेल ती पेटी उघडायची आणि दिसेल ती वस्तू घ्यायची, ही रीतच आहे. त्या रीतीची कुणीतरी नोंद ठेवत होतं, हे त्याला आत्ता कळतं. सात पंच एकामागोमाग एक येतात आणि दोषी किंवा निर्दोष अशा बाजूंना जाऊन उभे राहतात.

हा प्रसंग ‘क्रोनो ट्रिगर’ या जपानी गेममधला. स्क्वेअर या कंपनीने तो 11 मार्च 1995 रोजी जपानमध्ये निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या कन्सोलसाठी आणला. एकट्या जपानात त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. 2019 मध्ये जपानचं हेइसेइ पर्व संपत आलं, तेव्हा ‘फामित्सु’ या तिथल्या नावाजलेल्या गेम नियतकालिकाने त्या तीस वर्षांतला सर्वोत्तम गेम कोणता, असं वाचकांना विचारलं. पहिला क्रमांक ‘क्रोनो ट्रिगर’ने पटकावला.

जपानी रोल-प्लेइंग गेमच्या, म्हणजे जेआरपीजीच्या, चाहत्यांमध्ये एक वाद कायम धुमसत असतो. या गेमची खरी ताकद कशात? लढाया, डावपेच, पात्रांची बांधणी यांत, म्हणजे गेमप्लेमध्ये, की गोष्टीत? एक पंथ म्हणतो, गोष्टच हवी असेल तर कादंबरी वाचा. दुसरा म्हणतो, त्याच त्या लढाया आम्ही सोसतो त्या पुढे काय होतं ते कळावं म्हणून. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला हा वाद ओळखीचा वाटेल. वन्समोअरवर वन्समोअर घेत पद रंगायचं आणि कथानक विंगेत तिष्ठत उभं राहायचं. कुणाला तोच कळस वाटे, कुणाला तोच रसभंग.

‘क्रोनो ट्रिगर’ला या वादात दोन्ही पंथ आपला साक्षीदार म्हणून उभं करतात. म्हणूनच तो तराजूत घालून बघण्यासारखा आहे. मात्र वजन करण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ‘गेमप्ले’ म्हणताना बहुतेक जण फक्त लढाई मोजतात. पण जत्रेतलं ते जेवण खाणं हाही गेमप्लेच होता. तेवढं ध्यानात ठेवलं, की काटा बराच वेगळा हलतो. (गेम तीस वर्षांचा झाला आहे, त्यामुळे त्यातली रहस्यं इथे राखून ठेवलेली नाहीत.)

दोन घराणी, एक कार्ट्रिज

नव्वदच्या दशकात जपानमध्ये जेआरपीजीची दोन मोठी घराणी होती. एक एनिक्सचं ‘ड्रॅगन क्वेस्ट’, 1986 मध्ये सुरू झालेलं. दुसरं स्क्वेअरचं ‘फायनल फँटसी’, 1987 मधलं. दोन्हींच्या मुळाशी ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ हे संगणकावरचे अमेरिकन गेम होते, पण वाटा लवकरच वेगळ्या झाल्या.

‘ड्रॅगन क्वेस्ट’चे कर्ते युजी होरी हे मूळचे लेखक. ‘शोनेन जम्प’ या लोकप्रिय मंगा साप्ताहिकात ते लिहीत असत. तरीही त्यांनी आपल्या नायकाच्या तोंडी जवळपास शब्दच दिला नाही. नायक म्हणजे खेळणारा. त्याला काय वाटतं ते आपण कशाला सांगायचं, हा त्यांचा हिशोब. पहिल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ची सुरुवातच पाहा. राजाच्या दालनात तुम्ही उभे असता आणि दार बंद असतं. पेट्या उघडायच्या, किल्ली मिळवायची, दार उघडायचं, जिन्यावरून उतरायचं. आरपीजी म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या मुलांना होरींनी एका खोलीत सगळा खेळ शिकवला आणि त्याच खोलीत गोष्टीलाही तोंड फुटलं.

‘फायनल फँटसी’चे हिरोनोबु साकागुची यांची ओढ नाट्याकडे. 1991 च्या चौथ्या भागापासून या मालिकेत बोलणारी, पस्तावणारी, प्राण देणारी पात्रं केंद्रस्थानी आली. 1994 च्या सहाव्या भागात तर एका प्रसंगात अख्खा ऑपेरा रंगमंचावर येतो. पण याच घराण्यात 1992 चा पाचवा भागही आहे. त्याची गोष्ट साधी, पण वीसहून अधिक पेशे बदलत, एकाचं कसब दुसऱ्याला जोडत पात्रं घडवायची त्यातली व्यवस्था अशी सखोल, की डावपेचांचे चाहते अजून तिचे गोडवे गातात. म्हणजे एकाच कंपनीत दोन वर्षांच्या अंतराने काटा दोन टोकांना जाऊन आला होता.

हे दोन प्रतिस्पर्धी कर्ते ‘क्रोनो ट्रिगर’साठी एकत्र आले आणि तिसरे आले अकिरा तोरियामा. ‘ड्रॅगन बॉल’चे हे जनक ‘ड्रॅगन क्वेस्ट’ची पात्रंही पहिल्यापासून रेखाटत होते. कार्टून नेटवर्कवर ‘ड्रॅगन बॉल झी’ पाहत वाढलेल्या मराठी मुलामुलींना क्रोनोचे ते काट्यांसारखे उभे केस पाहताक्षणी ओळखू येतील. या त्रयीला जपानमध्ये ‘ड्रीम प्रोजेक्ट’ म्हणून मिरवलं गेलं. निर्माते होते काझुहिको आओकी.

दिग्दर्शकही तीन होते आणि त्यांच्याकडे पाहिलं तरी आपला वाद समोर उभा राहतो. ताकाशी तोकिता नाटकात काम करत या धंद्यात आलेले. योशिनोरी कितासे चित्रपटाचं शिक्षण घेतलेले. अकिहिको मात्सुई मात्र ‘फायनल फँटसी’च्या लढायांची रचना करण्यात मुरलेले. गोष्टीचा मोठा भाग मासातो कातो यांनी लिहिला. संगीत यासुनोरी मित्सुदा या नवख्या तरुणाचं. कंपनीत तो ध्वनिपरिणामांचं काम करत होता. संगीत रचू द्या, नाहीतर चाललो, असं त्याने साकागुचींना बजावलं आणि त्यांनी हा गेम त्याच्या हाती दिला. अतिश्रमाने त्याला पोटाचा अल्सर झाला, तेव्हा उरलेल्या काही रचना ज्येष्ठ संगीतकार नोबुओ उएमात्सु यांनी पूर्ण केल्या.

हे सगळं 32 मेगाबिटच्या, म्हणजे चार मेगाबाइटच्या कार्ट्रिजमध्ये मावलं. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही एवढी जागा खातो. लांबलचक संवाद आणि चित्रफिती यांना तिथे वावच नव्हता. थोडक्यात सांगायचं, आणि जे सांगता येत नाही ते खेळणाऱ्याकडून करवून घ्यायचं, हा आडमार्ग बराचसा या टंचाईतूनही सापडला असावा.

लढाई गोष्टीच्याच अंगणात

त्या काळच्या जेआरपीजीतली लढाई म्हणजे गोष्टीत घुसलेला व्यत्यय. तुम्ही गुहेतून चालत असता, काहीही दिसत नसतं, अचानक पडदा गरगरतो आणि वेगळ्याच पार्श्वभूमीवर शत्रू उभे ठाकतात. दर दहा-वीस पावलांनी हाच प्रकार. ‘क्रोनो ट्रिगर’ने हा पडदा काढून टाकला. शत्रू त्याच जंगलात, त्याच वाटेवर दिसतात. कुणी झुडपाआड दबा धरलेला, कुणी आपल्यातच दंग. बऱ्याचदा त्यांना चुकवून पुढे जाता येतं. लढाई जुंपली, तर ती जिथे उभे आहात तिथेच. जगाच्या नकाशावर फिरताना तर एकही हल्ला होत नाही.

लढाईची व्यवस्था ‘फायनल फँटसी’च्या चौथ्या भागात आलेल्या घड्याळी पद्धतीची. प्रत्येक पात्राची एक पट्टी हळूहळू भरते, ती भरली की त्याची पाळी. भर आहे ती जोडीच्या डावांची. दोन पात्रांच्या पट्ट्या भरेपर्यंत थांबलात, तर ती दोघं मिळून एकच वार करतात. मार्लचं, म्हणजे त्या राजकन्येचं, बर्फ आणि क्रोनोची मैत्रीण लुका हिची आग एकत्र आली की तिसरंच काही घडतं. क्रोनो आणि त्याचा सोबती फ्रॉग यांच्या तलवारी शत्रूवर फुलीसारख्या आडव्या-तिडव्या चालतात. तिघांचे डावही आहेत. फायदा सरळ आहे, पण त्यासाठी एकाने दुसऱ्यासाठी थांबावं लागतं, आणि तेवढ्यात शत्रू वार करून जातो. मैत्रीवर एकही संवाद न लिहिता मैत्रीची किंमत खेळणाऱ्याच्या हिशोबात आणून ठेवली आहे.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण मेगस. हा सुरुवातीचा खलनायक पुढे तुमच्या गटात येऊ शकतो. त्याची जादू जबरदस्त आहे, पण जोडीचा एकही डाव त्याला येत नाही. बाकी साऱ्यांचं कुणा ना कुणाशी जुळतं, याचं कुणाशीच नाही. काही दुर्मीळ वस्तू जवळ असेल तरच तो एखाद्या तिघांच्या डावात उतरतो. लहानपणी घरादारापासून तुटून परक्या काळात फेकला गेलेला, कुणावर विश्वास न ठेवणारा माणूस आहे हा. त्याचा हा स्वभाव संवादांपेक्षा डावांच्या यादीतल्या मोकळ्या जागेने जास्त ठसतो.

हाताने वाचायची गोष्ट

कथासूत्र असं. इसवी सन 1000 मधली जत्रा. लुकाच्या यंत्रात बिघाड होतो आणि क्रोनो व त्याचे सोबती काळाच्या दारांतून भटकू लागतात. 2300 साली पोहोचतात तर जग राखेत बुडालेलं, उरलीसुरली माणसं उपाशी. तिथल्या एका जुन्या यंत्रावर त्यांना 1999 सालची नोंद दिसते. लाव्होस नावाचा महाकाय जीव जमिनीतून वर आला आणि एका दिवसात सारं संपलं. तो पृथ्वीवर आदळला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरांच्या काळात. हे बदलायचं असं ही पोरं ठरवतात. पुढचा प्रवास सहा कालखंडांतून होतो.

ही गोष्ट कादंबरी म्हणून लिहिली तर नीटनेटकी होईल, थोर होणार नाही. जगबुडी, काळप्रवास, हरवलेली जादूची संस्कृती हा मालमसाला तेव्हाही नवा नव्हता. तिला उंची मिळते ती काही मोजक्या ठिकाणी, आणि त्या प्रत्येक ठिकाणी खेळणाऱ्याचा हात गुंतलेला असतो.

एक ठिकाण लुकाच्या घरातलं. तिच्या लहानपणी आई एका यंत्रात अडकली आणि पायांनी कायमची अधू झाली. लुका यंत्रांच्या मागे लागली ती त्या दिवसापासून. खेळाच्या उत्तरार्धात एका रात्री काळाचं एक दार तिला नेमकं त्या दिवशी नेऊन सोडतं. आईचा झगा यंत्रात ओढला जातोय. यंत्र थांबवायचं तर सांकेतिक शब्द हवा आणि वेळ अगदी थोडा आहे. इथे तलवार नाही, शत्रू नाही, निवडीचा मेन्यूही नाही. सांकेतिक शब्द म्हणजे आईचं नाव, लारा. आणि ते द्यायचं कंट्रोलरवरची एल, ए, आर, ए ही बटणं त्या क्रमाने दाबून. सुगावा घरातच असतो, पण तो वाचलेला हवा आणि आईचं नाव लक्षात राहिलेलं हवं. नाही जमलं, तर आई तशीच राहते. गेम संपत नाही, पुन्हा प्रयत्न करा असंही कुणी म्हणत नाही. गोष्ट पुढे जाते, आणि तुमच्या हातून काय राहिलं ते त्या घरात जाल तेव्हा दिसत राहतं.

दुसरं ठिकाण वाळवंटातलं. सन 600 मध्ये फिओना नावाची बाई उजाड जमिनीवर जंगल उभं करू पाहतेय. एका माणसाच्या आयुष्यात होणारं हे काम नव्हे. गटातला यंत्रमानव रोबो मागे राहून मदत करायला तयार होतो. खेळणारा त्याला तिथे सोडतो, काळाच्या यानात बसतो आणि सन 1000 मध्ये उतरतो. खेळणाऱ्याचे यात काही क्षण जातात, रोबोची चारशे वर्षं. वाळवंटाच्या जागी हिरवंगार रान आहे आणि एका देवळात गंजलेला, निपचित रोबो लोकांनी पूज्य वस्तू म्हणून जपून ठेवलेला आहे. या क्षणापर्यंत काळप्रवास ही निव्वळ सोय होती, एका गावातून दुसऱ्या गावात जाण्यासारखी. तिची किंमत इथे पहिल्यांदा कळते, कारण ‘जाऊ या’ असं म्हणणारं बटण आपणच दाबलेलं असतं.

तिसरं उदाहरण छोटं आणि खट्याळ आहे. एक मौल्यवान दगड आदिम काळात उन्हात ठेवायचा आणि दूरच्या भविष्यात तेजाने भरलेला उचलायचा, असा बेत असतो. पण मध्ये सन 1000 मध्ये तो एका गावच्या कंजूष प्रमुखाने लांबवलेला असतो. तो काही केल्या द्यायला तयार नाही. उपाय असा: त्याच गावातून 9,900 सोन्याच्या नाण्यांना सुकं मांस विकत घ्यायचं, चारशे वर्षं मागे जाऊन त्याच्या पूर्वज बाईला द्यायचं. ती 10,000 देऊ करते. घेतलेत तर शंभर नाण्यांचा नफा आणि प्रमुख तसाच कंजूष. फुकट दिलंत तर तिचं मन भरून येतं, औदार्याचा धडा पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो आणि प्रमुख दगड हसत परत करतो. दहा तास आकड्यांत घासाघीस करायला शिकलेल्या खेळणाऱ्याला पैसे नाकारायला लावणं, यातच या प्रसंगाची गंमत.

नायक गेल्यावर

जुन्या जेआरपीजीतल्या मृत्यूंची चर्चा निघाली की ‘फायनल फँटसी’च्या सातव्या भागातली एरिथ पहिली आठवते. 1997 मधल्या त्या प्रसंगाने जगभरची पोरं रडली. त्यातला निम्मा घाव खेळाचा होता, कारण जिला तासन्‌तास लढवून तयार केलं ती गटातून कायमची वजा झाली. ‘क्रोनो ट्रिगर’ने त्याच्या दोन वर्षं आधी खुद्द नायकालाच मारलं होतं.

समुद्राखालच्या महालात लाव्होससमोर गट कोसळतो. क्रोनो एकटा पुढे जातो आणि राख होऊन नाहीसा होतो. तोवर जवळजवळ सगळ्या प्रवासात क्रोनोला गटातून काढताच येत नसतं. बाकीचे दोघं बदलायचे, तो कायम. होरींच्या परंपरेला जागून तो जवळजवळ पूर्ण वेळ मुका. त्यामुळे तो गेल्यावर मागे त्याचे शब्द उरत नाहीत. उरते ती एक रिकामी जागा आणि जमवलेले सगळे जोडीचे डाव निकामी झाल्याची जाणीव. ज्याच्याशी सगळ्यांचं जुळत होतं तोच गेलेला.

त्याला परत आणता येतं, पण तशी सक्ती नाही. त्याला न आणता लाव्होसशी भिडून गेम संपवता येतो आणि शेवटही त्याप्रमाणे बदलतो. परत आणायचं तर त्याच्यासारखी दिसणारी बाहुली लागते, आणि ती मिळते सुरुवातीच्याच जत्रेत, एका तंबूतले खेळ जिंकून. जीव परत मिळवण्याची चावी टाइमपासच्या खेळात ठेवणं हा होरी छापाचा मिश्कीलपणा वाटतो.

याच सुमारास मेगस एका कड्यावर भेटतो. फ्रॉग हा एकेकाळचा माणूस. मेगसनेच त्याच्या मित्राला मारून याला बेडूक केलं. आता मेगस विचारतो, लढायचं आहे का? हो म्हणालात तर फ्रॉग त्याच्याशी एकटा झुंजतो, आणि जिंकल्यास शेवटी त्याला माणूसपण परत मिळतं. नाही म्हणालात तर मेगस तुमच्याकडून लढायला येतो. नायक नुकताच गेलेला, गट कमकुवत, आणि समोर सर्वांत ताकदवान जादूगार. खेळाचा हिशोब एका बाजूला ओढतो, सोबत्याचं दुःख दुसऱ्या बाजूला. दोन्ही पारडी इथे एकाच बटणावर येऊन थांबतात.

घाई आणि रेंगाळणं

जेआरपीजीत एक जुनी विसंगती असते. गोष्ट म्हणते, जग बुडतंय, धाव. खेळ म्हणतो, थांब, अजून दहा उपकथा आहेत, मासे पकड, शर्यत लाव. ‘फायनल फँटसी’च्या सातव्या भागात आकाशात भलीमोठी उल्का लटकत असते आणि खेळणारा निवांत चोकोबो नावाच्या पक्ष्यांची पैदास करत बसलेला असतो. उल्का त्याच्यासाठी थांबते. गोष्ट आणि खेळ एकमेकांना खोटं पाडतात, आणि आपण दोघांनाही माफ करून टाकतो.

‘क्रोनो ट्रिगर’मध्ये ही माफी मागायची वेळ येत नाही. लाव्होस 1999 मध्ये वर येणार, तो तिथेच येणार. तुमच्याकडे काळाचं यान आहे. सन 600 मध्ये महिनाभर भटकलात तरी 1999 जवळ येत नाही. रेंगाळणं गोष्टीतच बसतं. उलट घाई असेल तर तीही चालते. ‘काळाचं टोक’ नावाच्या ठिकाणी ठेवलेल्या एका बादलीतून थेट लाव्होससमोर जायची वाट फार लवकर खुली होते. हरलात तर नुसता ‘गेम ओव्हर’ येत नाही, पृथ्वीचा तो शेवटचा दिवस पुन्हा घडताना दिसतो. हरणं हाही गोष्टीचा एक शेवट.

गेम एकदा संपवला, की कमावलेली ताकद घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं. ‘न्यू गेम प्लस’ ही सोय आज असंख्य गेममध्ये असते. तिला हे नाव रुळलं ते इथून. अशा फेऱ्यांमध्ये लाव्होसला तुम्ही कोणत्या टप्प्यावर हरवता त्यावर शेवट ठरतो. असे डझनभर शेवट आहेत. अगदी सुरुवातीलाच हरवलंत, तर गेम बनवणारी मंडळीच पडद्यावर भेटतात आणि गप्पा मारतात. इतर गेममध्ये दुसरी फेरी म्हणजे ऐकलेली गोष्ट पुन्हा ऐकणं. काळप्रवासाच्या गेममध्ये ती गोष्टीचाच पुढचा अंक होते.

काटा जिथे कलतो

एवढं कौतुक झाल्यावर उणी बाजूही वजनात धरली पाहिजे. निव्वळ लढाई पाहिली तर ‘क्रोनो ट्रिगर’ उथळ आहे. प्रत्येक पात्राची कौशल्यं ठरलेल्या क्रमाने येतात, खेळणाऱ्याने घडवायचं असं फारसं काही नाही. पाचव्या ‘फायनल फँटसी’त माणूस जितकं डोकं खाजवतो, त्याच्या चौथाईनेही इथे खाजवावं लागत नाही. डाव कुणाच्या आसपास, किती घेरात लागेल, यावर शत्रूच्या उभं राहण्याचा परिणाम होतो. पण तुमची पात्रं कुठे उभी राहतील ते तुमच्या हातात नाही. चांगली कल्पना अर्ध्यावर सोडल्यासारखी वाटते. अडचणही बेताचीच, सरावलेला खेळणारा क्वचितच हरतो.

गोष्टीची बाजूही सगळीकडे सारखी नाही. इसवी सनापूर्वी 12,000 मधलं झील हे तरंगतं राज्य बहुतेकांना सर्वांत आवडतं. ढगांवरची बेटं, मित्सुदाची मोहून टाकणारी धून, लाव्होसची शक्ती उपसण्याच्या हव्यासाने बुडणारी राणी. पण या भागात खेळणारा बराच वेळ नुसता चालतो, ऐकतो आणि बाहेर हाकलला जातो. देखावा सुंदर, हात मात्र रिकामे. क्रोनो आणि मार्ल यांच्यातल्या ओढीचंही तसंच. एक बाजू मुकी, त्यामुळे ती ओढ मार्लच्या बोलण्यावरून आणि संगीतावरून ताडायची.

1999 मध्ये प्लेस्टेशनवर हा गेम पुन्हा आला, तेव्हा एक नकळत झालेला प्रयोगच पाहायला मिळाला. तोएई अ‍ॅनिमेशनने केलेली रंगीत चलच्चित्रं त्यात घातली गेली. गोष्टीच्या पारड्यात भर पडली म्हणायची. पण डिस्क वाचायला लागणाऱ्या वेळामुळे लढाई सुरू होताना आणि मेन्यू उघडताना गेम अडखळू लागला. ज्या गेमने गोष्ट आणि लढाई यांच्यामधला पडदा काढला होता, त्याच्यात तो पुन्हा येऊन बसला. चित्रं छान होती, तरी त्या आवृत्तीबद्दल चाहते आजही बोलतात ते या अडखळण्याबद्दलच.

याच मंडळींचे पुढचे गेम पाहिले तर समतोल किती नाजूक होता ते कळतं. मासातो कातोंनी 1996 मध्ये ‘रॅडिकल ड्रीमर्स’ केला. तो जवळजवळ सगळा मजकूरच, वाचायचा आणि अधूनमधून पर्याय निवडायचा. 1998 मध्ये तेत्सुया ताकाहाशी यांचा ‘झेनोगिअर्स’ आला. त्याच्या दुसऱ्या डिस्कवर मोठा भाग पात्रं खुर्चीत बसून नुसता सांगतात. महत्त्वाकांक्षा अफाट, पण ती खेळात उतरवायला वेळ पुरला नाही. 1999 मध्ये ‘क्रोनो क्रॉस’ आला. चाळीसहून अधिक पात्रं गटात घेता येतात, त्यामुळे कुणाच्या डावांत कुणाचा स्वभाव उमटायला जागाच राहिली नाही. आणि गोष्टीचा गुंता सोडवायला शेवटाकडे लांबच लांब स्पष्टीकरणं द्यावी लागली. मेगससारखं एकही रिकामं घर त्या गर्दीत दिसत नाही.

मग जड काय?

2001 मध्ये ‘गेम स्टडीज’ नावाचं अभ्यासकांचं नियतकालिक सुरू झालं, त्या काळात विद्यापीठांतही हाच वाद जोरात होता: गेमकडे कथेच्या चष्म्यातून पाहायचं, की नियमांच्या? त्या वादातून निघालेलं एक साधं शहाणपण असं, की नियमही अर्थ सांगतात. ‘क्रोनो ट्रिगर’च्या कर्त्यांनी हे कुठल्या सिद्धांताच्या आधाराशिवाय सहा वर्षं आधी करून दाखवलं होतं.

कसोटी सोपी आहे. गेममधला एखादा प्रसंग घ्या आणि तो कंट्रोलर हातात न धरता, दुसऱ्या कुणाला खेळताना पाहा. काय कमी झालं? झीलचं राज्य जवळपास तसंच राहतं. खटल्यातला चटका निघून जातो, कारण जेवण तुम्ही खाल्लेलं नसतं. लाराचा प्रसंग बराचसा ओसरतो. रोबोची चारशे वर्षं अर्धी होतात. मेगसपुढची निवड तर उरतच नाही. जे जे ओसरलं, ते खेळाचं आणि गोष्टीचं सामायिक वजन होतं. त्याला एका पारड्यात टाकणं चूक.

म्हणून माझा कौल असा. लढाई सुटी काढली तर ‘क्रोनो ट्रिगर’ला पाचवा ‘फायनल फँटसी’ मागे टाकतो. कथा सुटी काढली तर सहावा वरचढ ठरतो. तरी वीस-पंचवीस तासांच्या या आटोपशीर गेममध्ये या दोघांपेक्षा जास्त प्रसंग असे आहेत, जे कंट्रोलर सोडताच कोसळतात. सर्वोत्तम म्हणण्यासाठी मला तेवढं कारण पुरतं.

हा गेम आपल्याकडे त्याच्या काळात जवळपास पोहोचलाच नाही. नव्वदच्या दशकात इथल्या घरांत होते ते बहुधा जुन्या फॅमिकॉमच्या नकलांचे कन्सोल आणि त्यांवरचे उड्या मारायचे, गोळ्या झाडायचे खेळ. आता तो मोबाइलवर आणि 2018 पासून स्टीममुळे संगणकावरही सहज मिळतो. सुट्टीत घरातलं कुणी खेळायला बसलं, तर एकच सल्ला: इंटरनेटवरची मार्गदर्शिका पहिल्या फेरीत उघडू नका. लाराचं नाव आधीच ठाऊक असेल, तर ती चार बटणं केवळ चार बटणं ठरतील. आणि हा लेख वाचून ते नाव तुम्हाला कळलंच असेल, तर गेम अशा कुणाच्या तरी हाती द्या, ज्याने हा लेख वाचलेला नाही.